कारण नसलेलं भोक

खरं सांगा, ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी उच्चारलंत? आठवून बघा. घाई नाही.

पुण्यात तर ते उच्चारायची पद्धतच नाही. स्वारगेटला उभं राहून कुणालाही पत्ता विचारा. ठाऊक असो वा नसो, माणूस हात लांब करणार, ठणकावून दिशा सांगणार आणि वर ‘एवढंही ठाऊक नाही?’ अशा नजरेनं तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघणार. पत्ता चुकला तर दुखतात ते तुमचे पाय, त्याचं काय जातं? पण हीच खोड मोठमोठ्या कारखान्यांत आणि कॉलेजांत शिरली की काय होतं, ते मैना रायकरला विचारा. ती बिचारी एका भोकापायी अख्खं सेमिस्टर वणवण फिरली.

मैना धायरीची. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, त्यामुळे इंजिनियरिंगच्या पहिल्या दिवसापासून ‘राघू कुठाय’ हे ऐकून तिचे कान किटले होते. वडील जयसिंग रायकर यांची सिंहगड रस्त्याच्या आत शेती. म्हणजे जमीन अजून आहे, पण तिच्यात ज्वारी उगवायची बंद होऊन पत्र्याच्या शेड उगवल्या. एका शेडमध्ये स्प्रिंगा वळवतात, एकीत पावडर कोटिंग, तिसरीत दोन लेथ. मैनाचं लहानपण त्या शेडच्या दारात गेलं. ‘हे कशाला? ते तसंच का?’ एवढीच तिची बडबड, आणि ‘बाजूला हो पोरी, डोळ्यात जाईल’ एवढंच तिला मिळणारं उत्तर. पुढे ती मेकॅनिकल इंजिनियर झाली, मग त्याच्या वरचं शिकली, आणि तरी पोट भरलं नाही म्हणून एका जुन्या कॉलेजात पीएच.डी.ला बसली.

विषय होता लोखंडाचे तडे. भोकाच्या, खाचेच्या काठाशी तडा कसा जन्मतो आणि कसा पसरतो. गावात जयसिंगरावांना लोक विचारायचे, पोरगी अजून शिकतीय व्हय, आणि नेमकं काय करती?

“तडं शोधती,” जयसिंगराव सांगायचे.

“कशातलं?”

“लोखंडातलं.”

“आन् घावल्यावर?”

“मंग आणिक शोधती.”

एवढ्यावर विषय संपायचा. जयसिंगरावांना लेकीचा अभिमान होता, पण नक्की कशाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पीएच.डी.च्या विद्यावेतनाबरोबर एक काम येतं, खालच्या वर्गांची प्रॅक्टिकलं घ्यायचं. कॉलेजात त्याला ‘लोड’ म्हणतात. शिकवण्याला लोड! पोती वाहायची असल्यासारखं. मैनाबरोबरचे बाकीचे संशोधक ते पोतं एकमेकांच्या पाठीवर ढकलायच्या खटपटीत असायचे. मैनाला मात्र चटक लागली. दुसऱ्या वर्षाला मशीन ड्रॉइंग हा विषय असतो, मोठाल्या शीटवर यंत्रांचे भाग पेन्सिलीनं काढायचे. त्या प्रॅक्टिकलची एक बॅच तिच्याकडे आली. पहिल्या तासाला तिचा आवाज चिरकला, दुसऱ्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घातली, तिसऱ्या तासाला तिनं त्याच मुलाला फळ्याशी बोलावून वर्तुळ काढायला लावलं. ते अंड्यासारखं निघालं. त्यानंतर शीळ बंद झाली.

तिचे गाईड डॉ. श्रीनिवास दातार. हुशार माणूस, पण बोलायला लागले की समोरच्याला आपण चुकून जन्माला आलो असं वाटावं. मैनानं त्यांच्याकडे एक दिवस विषय काढला की तिला एखाद्या कारखान्यात इंटर्नशिप करायची आहे. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, इंटर्नशिप बी.ई.ची पोरं करतात, तिथे तुम्हाला चहाचे कप मोजायला लावतील. त्यापेक्षा इथे खुर्चीत बसा, कॉम्प्युटरवर एक सपाट प्लेट घ्या, तिला भोक पाडा, ताण द्या. सगळे तेच करतात, वेळेत सुटतात.

“सर, कॉम्प्युटरवरची प्लेट तुटत नाही,” मैना म्हणाली. “तुटल्याचं दाखवते. मला तुटलेली हातात घेऊन बघायची आहे.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. नंतर त्यांनी सौदा सांगितला. आठवड्यातले तीन दिवस कारखाना, उरलेले कॉलेज. प्रॅक्टिकल चुकवायचं नाही. सेमिस्टरअखेर संशोधनाची प्रगती तपासणाऱ्या कमिटीची बैठक असते. तोवर कारखान्यातला खरा तुकडा आणि त्याच्यावरचा खरा प्रश्न टेबलावर ठेवायचा. नाही ठेवला, तर प्रबंध संपेपर्यंत प्लेट, आणि कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही.

“कबूल?”

“कबूल, सर.”

“विचार करून बोला, रायकर. प्लेट फार सोशिक असते. कारखाने तसे नसतात.”

भोसरीच्या पुढे एक ओतकामाचा कारखाना आहे. नाव कशाला सांगू, त्यांच्यासारखे शंभर आहेत. तिथे टेम्पोच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं ज्यात अडकवतात तो ब्रॅकेट बनतो. ओतीव लोखंडाचा, कोंबडीच्या तंगडीच्या आकाराचा, उचलला तर मनगट वाकेल असा तुकडा. त्यातले काही ब्रॅकेट रस्त्यावर तुटून परत येत होते. मैनाला घेतलं ते त्यासाठी. कुठे जाड करायचं तेवढं सांगा, म्हणाले, म्हणजे आम्ही सुटलो.

कारखान्यात तिच्या गळ्यात ‘ट्रेनी’ असा बिल्ला अडकवला. सेफ्टी शूज तिच्या मापाचे नव्हते. बायकांच्या पायांचा विचार त्या स्टोअरमध्ये कुणी केलाच नव्हता, म्हणून दोन जोड मोजे घालून ती खडखडत फिरायची. तिचे साहेब होते क्वालिटीचे मैनुद्दीन तांबोळी. घर रविवार पेठेत, तेही आजोबांच्या आजोबांपासून. त्यामुळे खास पेठेतला तिरकसपणा अंगात मुरलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी तुटलेल्या ब्रॅकेटचा ढीग दाखवला आणि म्हणाले, “घ्या मॅडम, आमचं वैभव.”

मैना त्या ढिगापाशी मांडी घालून बसली. एकेक तुकडा हातात घेऊन फिरवला. सगळे एकाच ठिकाणी तुटलेले. तंगडीच्या मागच्या बाजूला, काठाच्या जवळ, करंगळी जाईल न जाईल एवढं एक भोक होतं. तडा तिथूनच निघालेला.

यात डोकं चालवण्यासारखं काहीच नव्हतं. भोकापाशी ताण गोळा होतो हे तिच्या बॅचमधलं पोरही सांगेल. तिला वेगळंच काही सुचलं, आणि ते तिनं तोंडानं विचारलं.

“साहेब, हे होल कशासाठी आहे?”

तांबोळी साहेबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, “पेंट शॉपमध्ये टांगायला.”

मैना पेंट शॉपमध्ये गेली. तिथले लोक म्हणाले, टांगतो तो वरच्या मोठ्या भोकातून. हे बारकं तर रंगानं बुजतं, आम्हालाच वैताग. हे मशीन शॉपवाल्यांचं, ते पकडायला वापरतात. मशीन शॉपवाले म्हणाले, छे, आम्ही पकडतो खालच्या पायाला. हे ओतकामवाल्यांचं, आतला वायू निघून जायला. ओतकामवाले हसायला लागले. वायू ओतताना निघतो, म्हणाले, आणि हे भोक तर नंतर ड्रिलनं पाडतात, मग वायू काय वाट बघत बसतो? हे डिझाइनवाल्यांचं. डिझाइनमध्ये एक तरतरीत मुलगा होता, त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाला, “ऑइलिंगसाठी, मॅम.” कशाचं ऑइलिंग, तिथे तर काही फिरतच नाही, असं मैनानं विचारल्यावर त्यानं खुर्ची पुन्हा गर्रकन पूर्ववत फिरवली.

ड्रिलवर प्रेमलाताई बसायच्या. दिवसभर तेच भोक त्याच जागी पाडायचं हे त्यांचं काम. त्यांनाही मैनानं विचारलं.

“मला पाड म्हणून सांगितलंय,” प्रेमलाताई म्हणाल्या. “का, ते विचारलं तर उद्या दुसरीला बसवतील.”

मैना तांबोळी साहेबांकडे परत आली आणि म्हणाली की भोक कुणालाच लागत नाही असं दिसतंय. तिला काही ब्रॅकेट बिनभोकाचे द्यावेत, ती कॉलेजच्या मशीनवर दोन्ही प्रकार थकेपर्यंत ओढून बघेल. तिचा सगळा प्रबंध या एका मागणीवर येऊन उभा होता. भोकाचा आणि बिनभोकाचा तुकडा शेजारी शेजारी असल्याशिवाय सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

साहेबांनी मान हलवली. आडवी. बिनभोकाचा माल म्हणजे अर्धवट माल. तो गेटबाहेर गेला आणि उद्या चुकून गाडीला लागला, तर टांगणार कुणाला, मला. ड्रॉइंगमध्ये भोक आहे म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. गिऱ्हाईक कंपनीनं मंजूर केलेलं ड्रॉइंग आहे ते.

“पण कारण काय, साहेब?”

“ते तुम्ही शोधा. तुम्ही पीएच.डी., मी साधा नोकर. कारण आणा, ब्रॅकेट न्या.”

मैनाचं डोकं तापलं. कारण कुणाला ठाऊक नाही म्हणूनच तर काढायचं, आणि हे म्हणतात कारण कळेपर्यंत काढायचं नाही. पण चिडून करते काय? ती ड्रॉइंगच्या मागे लागली. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग कागदावरच्या जुन्या ड्रॉइंगवरून घेतलेलं. तो जुना कागद कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातला, हातानं ट्रेस केलेला, चहाच्या रंगाचा झालेला. ज्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगवरून तो ट्रेस केला, ते कधीच नाहीसं झालेलं. त्या कागदावरही भोक होतं, पण त्याचं माप लिहिलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधली एक गोष्ट तिला खटकली. बाकी सगळी मापं गोल आकड्यांत, या एकाच भोकाचं काठापासूनचं अंतर वेडंवाकडं, अपूर्णांकातलं. कुणी ठरवून असं माप देत नाही. पण त्याचा अर्थ काही लागेना.

दिवस सरत होते. कमिटीची बैठक जवळ आली. दातार सरांनी कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, मग, कप किती झाले मोजून? मैना हसली, पण घरी आल्यावर आईला, आनंदीबाईंना म्हणाली, बहुतेक मला आता प्लेटशीच संसार करावा लागणार. आनंदीबाईंनी विचारलं, प्लेट म्हंजी कोण गं, आपल्या जातीतलं का? मैनाला त्या दिवसातलं पहिलं खरं हसू आलं.

आणि मग मंगळवारचं प्रॅक्टिकल.

मुलांनी शीट तपासायला दिलेल्या. फिरणाऱ्या दांड्याला खाली आधार देणारा एक ओतीव ठोकळा असतो, त्याचं चित्र. मैना लाल पेन घेऊन एकेक बघू लागली आणि थांबली. ठोकळ्याच्या पायात, काठाजवळ, एक बारीक वर्तुळ काढलेलं होतं. पुस्तकात तिथे भोक नाही. दुसरी शीट उघडली, तिथेही तेच. तिसरी, चौथी. निम्म्या बॅचनं एकाच जागी एकच चूक केली होती.

आता इंजिनियरिंग केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. याला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारणं म्हणतात. दोन टेबलांच्या मध्ये काच ठेवायची, काचेखाली दिवा लावायचा, काचेवर आधीच्या कुणाची तरी पुरी झालेली शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर उमटतात, आपण गिरवत सुटायचं. मोजायला नको, समजायला नको. पिढ्यान्‌पिढ्या इंजिनियर या काचेवरून पास होत आले आहेत. मास्तरांना ठाऊक असतं, मास्तरांनीही हेच केलेलं असतं. पकडलं तर शीट फाडायची आणि नवीन काढायला सांगायची, ही रीत. नवीनही जीटीच असते.

मैनानं शीट फाडण्यासाठी हात घातलाच होता. शीट होती रझिया बागवानची. भवानी पेठेतली, चुणचुणीत, आणि तोंड थांबवणं जिला जमत नाही अशी.

“रझिया, हे होल कशाला काढलंस?”

“ऑइलिंगसाठी, मॅडम,” रझियानं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं.

मैनाचा हात तिथेच थांबला. तेच उत्तर. तोच आवाज, तीच छाती काढून बोलण्याची पद्धत. फक्त खुर्ची फिरवायची राहिली होती. तिला इतकं हसू आलं की पुढच्या बाकांवरची पोरं घाबरली. हसू ओसरल्यावर तिनं रझियाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, शीट फाडणार नाही, मार्क कापणार नाही, पण जिच्यावरून मारलीस ती मूळ शीट मला आणून दे. रझियानं आधी कुठली शीट, कसली शीट असं केलं. मग गेली आणि जिन्याखालच्या लॉकरमधून घेऊन आली. मागच्या वर्षीच्या एका मुलीची शीट. बाकीच्यांनी आपली शीट रझियावरून मारली होती, एवढंही कबूल करून टाकलं.

मैनानं मूळ शीट पसरली. तिथे भोक नव्हतं. ठोकळा अगदी पुस्तकासारखा.

“यात तर नाही. मग तू कुठून आणलंस?”

रझिया वाकून बघू लागली. तिलाही नवल वाटलं असावं. तिनं शीट उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. त्याबरोबर ठोकळ्याच्या पायात एक ठिपका लखकन चमकला.

“ही बघा ना, मॅडम. चांदणी. खाली दिवा होता तेव्हा अशीच दिसत होती. मला वाटलं, हे सेंटर आहे. आणि सेंटर आहे म्हणजे सर्कल असणारच.”

“विचारायचंस तरी कुणाला.”

“काढलेल्याचे मार्क कुणी कापत नाही, मॅडम. न काढलेल्याचे कापतात.”

कंपासची सुई टोचल्याचं ते छिद्र होतं. त्या आधीच्या मुलीनं ठोकळ्याची वरची मोठी गोलाई काढताना सुई तिथे रोवली होती. कागद आडवा असताना छिद्र दिसत नाही, पण मागून उजेड आला की ते चमकतं, आणि गिरवणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी आहे.

मैनानं ती शीट आडवी केली, पुन्हा उजेडात धरली, परत आडवी केली. मुलं आपापसात कुजबुजायला लागली. शेवटी रझियानंच विचारलं, मॅडम, आम्ही जाऊ का?

दुसऱ्या दिवशी मैना स्वारगेटहून कंपनीची पहिली बस पकडून गेली, आणि बिल्ला अडकवायच्या आधी कॉम्प्युटरपुढे बसली. ब्रॅकेटच्या पोटाला एक लांब वक्र होता, तंगडीच्या बाहेरच्या फुगवट्यासारखा. तिनं त्या वक्राचं केंद्र कुठे येतं ते कॉम्प्युटरला विचारलं. केंद्र येऊन पडलं ते थेट भोकात. अगदी मधोमध नव्हे, पेन्सिलीच्या टोकाएवढं बाजूला. आणि त्या पेन्सिलभर चुकीनंच तिची खात्री पटली. कुणी विचार करून भोक त्या केंद्रावर ठेवलं असतं, तर ते नेमकं बसलं असतं. हे बसवलेलं नव्हतंच. कधीकाळी कुणीतरी पोटाचा वक्र काढायला तिथे सुई टोचली, नंतर दुसऱ्या कुणी खाली दिवा लावून ते ड्रॉइंग ट्रेस केलं, त्याला चांदणी दिसली, त्यानं वर्तुळ काढलं. तिसऱ्यानं ते वर्तुळ फूटपट्टीनं मोजून कॉम्प्युटरमध्ये घातलं, म्हणून ते वेडंवाकडं माप. आणि प्रेमलाताई इतकी वर्षं एका सुईच्या टोचीवर ड्रिल चालवत होत्या.

तांबोळी साहेबांना तिनं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, गोष्ट छान आहे. लहान पोरांना सांगायला.” तरी त्यांनी दुपारी डिझाइनवाल्यांना आणि मशीन शॉपच्या साहेबांना बोलावलं. मैनानं काही प्रेझेंटेशन केलं नाही. रझियाला विचारून आणलेल्या त्या दोन शीट तिनं काढल्या, आधी आडव्या ठेवून दाखवल्या, मग मूळ शीट खिडकीशी धरली. ठिपका चमकला. तिनं विचारलं, “या खोलीत जीटी न मारता इंजिनियर कोण झालंय?”

तो खुर्ची फिरवणारा मुलगा टेबलाखाली काही पडलंय का ते शोधू लागला.

“मी डिप्लोमावाला,” अखेर तांबोळी साहेब म्हणाले. “आम्हाला काच परवडायची नाही. हॉस्टेलच्या खिडकीची काढायचो. सबमिशनच्या आठवड्यात आमचं हॉस्टेल एकदम हवेशीर.”

मग जो हशा उठला, त्यात प्रत्येकाला आपली चांदणी आठवली. एकानं सांगितलं की त्यानं मेलेल्या डासाचं भोक काढलं होतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं त्याच्यावर प्रश्नही विचारला होता. काय उत्तर दिलंस, सगळ्यांनी विचारलं. तो म्हणाला, “ऑइलिंग.”

पण कारखाना हशावर चालत नाही. साहेबांनी तिथल्या तिथे गिऱ्हाईक कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ब्रॅकेटच्या मागचं ते बारकं होल तुमच्याकडे कशाला लागतं, असं सरळ विचारलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, “आमच्याकडे? आम्हाला वाटलं, तुम्हाला मशीनवर पकडायला लागतं, म्हणून आम्ही कधी बोललो नाही.”

साहेबांनी फोन ठेवला. मैनाकडे बघितलं नाही. ड्रिलकडे जाऊन प्रेमलाताईंना सांगितलं की आजच्या मालातले थोडे तसेच ठेवा, भोक नको. आणि त्यांच्यावर पिवळ्या रंगाचा जाड पट्टा मारा, म्हणजे चुकून कुठल्या गाडीला लागणार नाहीत. प्रेमलाताईंनी विचारलं, का? साहेब म्हणाले, “कारण सापडलं नाही म्हणून.”

तर पिवळ्या पट्ट्याचे ब्रॅकेट रिक्षात घालून मैना कॉलेजात घेऊन आली. रिक्षावाला वाटभर वजनाबद्दल कुरकुरत होता. थकवा मोजायच्या मशीनवर तुकडा ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा, तो हरेपर्यंत. भोकवाले भोकाशीच हरले, ते होणारच होतं. बिनभोकाचे कितीतरी जास्त टिकले. पण अमर काही नसतं. शेवटी त्यांनाही तडा गेला, आणि तो बघून मैना पुन्हा मांडी घालून बसली. ब्रॅकेटच्या कुशीवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं असतं. तडा निघाला होता त्या नावातल्या एका अक्षराच्या कोपऱ्यातून. हे तिला अपेक्षित नव्हतं. तिनं तांबोळी साहेबांना फोटो पाठवला. उलट निरोप आला: ‘भोक बंद करायला लावलंत, आता मालकाचं नाव पुसायला सांगणार. मॅडम, आपण आमचं चांगलंच नाव काढताय.’

कमिटीच्या बैठकीत तिनं दोन तुकडे टेबलावर ठेवले. टेबलाला ओरखडा पडला, त्यावर एका प्राध्यापकांनी आधी बोलून घेतलं. मग मैनानं सगळं सांगितलं. रझियाचं नाव तेवढं वगळलं, ‘दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी’ म्हणाली. दातार सर ऐकत होते. चष्मा कपाळावर होता. ते उठले, मूळ शीट हातात घेतली, ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, पुन्हा धरली. कमिटीतले बाकीचे घड्याळ बघत होते. सरांना ती चांदणी सापडेना, मग सापडली.

“म्हणजे एका भोकाचं उत्तर मिळालं,” ते म्हणाले, “आणि एका अक्षराचा प्रश्न निघाला.”

“हो, सर.”

“या अक्षराच्या कोपऱ्यातून तडा का निघाला?”

“अजून माहीत नाही, सर.”

सरांनी दोन्ही तुकडे उचलून पाहिले. मनगट वाकलं. मग कमिटीकडे वळून म्हणाले की रायकर यांचा विषय आता सपाट प्लेट नाही, खरे ओतीव तुकडे हा आहे, तसं नोंदवून घ्या. दुपारी ते प्रयोगशाळेत आले आणि विचारलं की ते ड्रॉइंगचं प्रॅक्टिकल पुढच्या सेमिस्टरला कुणाकडे आहे. लोड वाटून झालेला नाही, असं कळल्यावर म्हणाले, “ती बॅच सोडू नका.”

मैनानं सोडली नाहीच. उलट एक अट घातली. सगळ्या शीट पुस्तकातल्या नकोत, निदान एक शीट बाहेरच्या खऱ्या तुकड्याची असू दे. पोरांनी शेडमध्ये जायचं, तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, त्याच्या प्रत्येक खाचेला आणि भोकाला ‘कशाला’ विचारायचं, आणि मग काढायचं. ज्याचा तुकडा त्याचाच, दुसऱ्याची शीट खाली ठेवून गिरवायची सोयच नाही. दातार सरांनी परवानगी दिली. ‘याचे परिणाम तुम्हालाच भोगायचे आहेत’ एवढं मात्र म्हणाले. परिणाम लगेच सुरू झाले. रझियाची बॅच धायरीच्या शेडमधून अशी फिरली की जयसिंगरावांच्या भाडेकरूंनी तक्रार केली, मालक, तुमची एक पोरगी पुरे होती, आता साठ आणल्यात. जयसिंगरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “इचारू द्या की. आमच्या येळंला कुणी इचारलं न्हाई, म्हणून शेतात शेड झाल्या.” मैनाचा प्रबंध अजून पुरा व्हायचाय, ते अक्षर अजून तिला छळतंय. पण मंगळवार ती चुकवत नाही.

अडचण एकच आहे. पोरं वाढली आणि धायरी-नऱ्ह्याच्या शेडमधले तुकडे संपत आले. म्हणून तुम्हाला सांगतो. पुण्यात किंवा आसपास तुमचं गॅरेज असेल, पिठाची गिरणी असेल, पंपाचं दुकान असेल, छोटामोठा कारखाना असेल, तर भंगारवाला येण्याआधी एक तुकडा बाजूला काढून ठेवा. तुटलेला असला तर फारच उत्तम. दुसऱ्या वर्षाची पोरं मागायला आली की त्यांना तो द्या, आणि चार प्रश्न विचारले तर हाकलू नका. फक्त ग्रीस तेवढं पुसून द्या, शीट खराब होतात.